तीन जाणत्या माणसांना विचारून

मुख्याध्यापकांनी शाळेच्या वार्षिक अंकासाठी चार पानं मागितली आहेत. "स्काउटची मुलं खानदेशात जाऊन आली, त्याचं छान खुसखुशीत वर्णन करा, केळी-बिळी येऊ द्या त्यात," असं म्हणाले. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. हे तिसरं. यात केळी आहेत, पण खुसखुशीत असं काही नाही. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

मी इतिहास-भूगोलाचा मास्तर. सातारा जिल्ह्यातल्या या गावात बावीस वर्षं मुलांकडून नद्या, किल्ले आणि पिकं पाठ करून घेतोय, आणि पेपर संपला की मुलं सगळं विसरतात. स्काउटचं पथक माझ्या गळ्यात पडलं तेव्हा मी मनाशी ठरवलं, की आता राज्य पायांनी शिकवायचं. त्यासाठी 'राज्यदर्शन' नावाचा बिल्ला आमच्यापुरता सुरू केला. दरवर्षी एक भाग निवडायचा, तिथे जाऊन स्वतः नकाशा काढायचा, म्हाताऱ्यांशी बोलून इतिहास लिहून घ्यायचा आणि जाताना गावाची काहीतरी सेवा करायची. सोबतीला मी एक पुस्तिका लिहून सायक्लोस्टाइल करून घेतली होती. तिचा मला भारी अभिमान.

त्या पुस्तिकेत पाण्याच्या जागांविषयी एक नियम होता. अनोळखी पाणी चाखू नये. गावातल्या तीन जाणत्या माणसांना विचारावं. तिघांनी चांगलं म्हटलं तर नकाशात निळं वर्तुळ, नको म्हटलं तर त्या वर्तुळावर फुली. एका शिबिरात एक पोरगा ओढ्याचं पाणी पिऊन आजारी पडला होता, त्यानंतर मी हा नियम घातला. वाचायला बरा वाटतो. मलाही वाटत होता.

जळगाव, नशिराबाद

एप्रिलची अखेर होती. खानदेशात एप्रिलमध्ये मुलं घेऊन जाणाऱ्या माणसाला जळगाव स्टेशनवरच्या हमालाने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्याकडे ऊन लागतं, तिथे ऊन मारतं. आठ मुलांच्या आठ स्काउट टोप्या पहिल्याच दुपारी निकामी ठरल्या आणि बाजारातून आठ उपरणी घ्यावी लागली. डोकं, कान, मान सगळं गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवलेलं माझं पथक नशिराबादच्या रस्त्याने निघालं तेव्हा ते स्काउट कमी आणि दरोडेखोर जास्त दिसत होतं. डांबर इतकं पाघळलं होतं की दत्तूचा एक बूट रस्त्याला चिकटला तो चिकटलाच. दत्तू आमच्यातला सगळ्यात धाकटा, सातवीतला, प्रश्न विचारून जीव खाणारा. तो एका पायावर उभा राहून विचारत होता, "सर, डांबर कुठल्या जिल्ह्यात सापडतं?"

केळीच्या बागेत शिरलो आणि जीव भांड्यात पडला. बाहेर भट्टी आणि आत ओल. बागवाल्या भाऊंनी मुलांना बसवून केळी दिली, पाटाचं पाणी कसं फिरवतात ते दाखवलं. मुलांनी ते सगळं वह्यांत उतरवलं आणि केळी इतकी खाल्ली की रात्रीच्या शेवभाजीला कुणी हात लावला नाही. मी लावला. ती तिखट होती म्हणणं म्हणजे ऊन कोमट होतं म्हणण्यासारखं आहे. डोळ्यांतून पाणी काढत मी खात होतो आणि वाढणारी बाई पदराआड हसत होती.

सुधीरचं नाव इथेच सांगतो. नववीतला, पथकाचा नायक. नीटनेटका, हुशार, दिलेलं काम कधी अर्धं न सोडणारा. माझा लाडका होता, हेही सांगून टाकतो.

पद्मालय

एरंडोलहून पद्मालयला गेलो. तळ्यात पाणी कमी आणि कमळं त्याहून कमी होती. तिथल्या पुजाऱ्याने भीम आणि बकासुराची गोष्ट सांगितली, हीच ती एकचक्रानगरी असंही सांगितलं. दत्तूने विचारलं, हे इतिहासात लिहायचं की भूगोलात. मी मोठ्या थाटात सांगितलं, "लोक सांगतात ते सगळंच इतिहास नसतं. कोण सांगतं, कुणाबद्दल सांगतं, ते बघून मग लिहायचं." मुलांनी हे वाक्यसुद्धा लिहून घेतलं. मला स्वतःला ते पुढच्या दोन दिवसांत कामाला आलं नाही.

ते गाव

गावाचं नाव लिहीत नाही. एरंडोल आणि पारोळ्याच्या मध्ये, मोठ्या रस्त्यापासून आत, एका नाल्याच्या काठावर. मुक्काम शाळेच्या पडवीत. तिथले शिक्षक चौधरी गुरुजी सज्जन माणूस, त्यांनी घरून वरण-बट्टी आणली. गोवऱ्यांवर भाजलेली बट्टी तुपात कुस्करून खायची, आणि खाऊन झाल्यावर माणसाने चालण्याबिलण्याचा विचार करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या ओट्यावर बसलो. आबा गावातले वडीलधारे, मिशा पांढऱ्याशुभ्र. त्यांनी आधी मुलांची आडनावं विचारली आणि मग तांब्या पुढे केला. आमच्याकडेही असंच करतात, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही.

सुधीरने पुस्तिका काढली. गावात पाण्याच्या जागा तीन. शाळेजवळचा हापसा बंद पडलेला. देवळासमोरची मोठी विहीर. आणि गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडे निंबांच्या सावलीत एक लहान विहीर, भिलाटीची. भिलाटी म्हणजे भिल्लांची वस्ती. खानदेशात बहुतेक गावाला ती असते, आणि गावापासून चार हात दूरच असते.

"आबा, देवळासमोरचं पाणी कसं आहे?"

"गोड शे. बठ्ठा गाव पेस." म्हणजे सगळा गाव तेच पितो.

"आणि भिलाटीच्या विहिरीचं?"

"ते नही पेवानं," आबा म्हणाले, आणि विडी पेटवली.

नियम तिघांना विचारायचा. सुधीर पुढच्या घरी नानांकडे गेला. ते म्हणाले, "छे, छे. आम्ही पेतस नही ते." तिसऱ्या एक अक्का होत्या, उन्हात पापड घालत बसलेल्या. त्या म्हणाल्या, "आमना घरमा ते पानी कधीज उनं नही, भाऊ." त्यांच्या घरात ते पाणी कधी आलंच नव्हतं. तीन माणसं, तीन नकार. सुधीरने निळं वर्तुळ काढून त्यावर लाल शाईने सुरेख फुली मारली.

मी तिथेच होतो. ते तिघं पाण्याबद्दल बोलत नव्हते, माणसांबद्दल बोलत होते, हे मला कळायला हवं होतं. खरं लिहायचं तर थोडं कळलंही होतं. आडनावं विचारून तांब्या देणारा माणूस कुठल्या विहिरीबद्दल काय म्हणेल, हे न कळायला मी काही परदेशातून आलेलो नव्हतो. पण नियम माझा होता, नकाशा देखणा झाला होता आणि ऊन फार होतं. मी "छान" म्हणालो.

मग सुधीर म्हणाला, "सर, नकाशात फुली आहे. पण वाटसरूला कशी कळणार? विहिरीवरच केली तर? आपली सेवाही होईल." शेजारच्या गावांत जुलाब-उलट्यांची साथ आहे असं चौधरी गुरुजी आदल्या दिवशीच म्हणाले होते. मला त्या कल्पनेचं इतकं कौतुक वाटलं की मी स्वतः वाण्याकडून चुना आणून डब्यात कालवून दिला. सुधीर, दत्तू आणि आणखी एकजण गेले. मी पडवीत नकाशाच्या कडा आखत बसलो.

संध्याकाळी जेवताना सुधीरने हकिकत सांगितली. तो विहिरीच्या काठावर फुली काढत होता तेव्हा एक बाई पाणी शेंदत होती. तिने विचारलं, हे काय लिहिताय. सुधीर म्हणाला, हे पाणी पिण्याचं नाही, मावशी. ती म्हणाली, "आमी तं हाईच पेतस, दादा." सुधीरने तिला समजावून सांगितलं, की आता नका पिऊ, सगळ्या गावाला विचारून खात्री केलीय. तिच्याबरोबर एक लहान मुलगी होती. बाईने सुधीरच्या खाकी कपड्यांकडे, शिट्टीकडे, पट्ट्याकडे पाहिलं आणि भरलेला हंडा तिथेच पालथा केला.

"सगळा हंडा, सर!" सुधीर म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांसमोर.

लळिंग

धुळ्याचे रस्ते सरळ आणि चौक काटकोनात. नकाशा काढणाऱ्याला असं शहर देव दर दिवशी देत नाही, मुलं खूश झाली. विहिरीवर फुली काढल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी लळिंगचा किल्ला चढलो. वर खडकात खोदलेली टाकी आहेत. एका टाक्यात हिरवं पाणी होतं. मी खानदेशच्या फारुकी राजांबद्दल सांगत होतो आणि मुलं सावली शोधत होती.

दत्तू टाक्यात डोकावून बघत होता. एकदम म्हणाला, "सर, त्या भिलाटीच्या विहिरीचं पाणी असं नव्हतं. तळ दिसत होता."

मी टाक्याच्या काठावर येऊन आत पाहिलं.

"ती बाई म्हणाली, आम्ही हेच पितो. ती तर चांगली धडधाकट होती. मुलगी पण. मग ते पाणी वाईट कसं?"

"तिघांनी सांगितलं," सुधीर म्हणाला.

"पण ते तिघं तिथलं पीतच नाहीत. मग त्यांना कसं माहीत?"

सातवीतल्या मुलाने विचारलेला हा प्रश्न मी आबांच्या ओट्यावरच विचारायला हवा होता. आणखी एक गोष्ट तेव्हाच डोक्यात आली आणि मी खडकावर बसलोच. ती विहीर सोडली तर ती माणसं पाणी कुठलं पिणार? देवळासमोरच्या विहिरीवर त्यांना कोण चढू देणार?

त्याच दुपारी एस.टी. धरून मागे फिरायला हवं होतं. संध्याकाळच्या आत पोचलो असतो. पण पुढे सोनगीर होतं, शिरपूरजवळ तापी बघायची होती, पश्चिमेला वाहणारी नदी मुलांना डोळ्यांनी दाखवायची होती, राहण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. जळगावला परतताना गावच्या शाळेला नकाशाची प्रत द्यायला थांबणारच होतो. तेव्हा फुली पुसू, असं मी मुलांना सांगितलं. चार दिवसांत काय बिघडतं, असं स्वतःला सांगितलं. चौधरी गुरुजींना निरोप धाडता आला असता. तो विचार माझ्या मनात आला होता, आणि माझी चूक एवढ्या लांबून त्यांना कशी सांगू, या लाजेने मी तो सोडून दिला.

तापी पाहिली. रुंद वाळू आणि मधून पाण्याची बारीक धार. मुलांनी चित्रं काढली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. सोनगीरला एका तांबटाने सुधीरला हातोडी मारू दिली. एरवी या चार दिवसांवर मी चार पानं लिहिली असती. आठवत सगळं आहे, लिहायला हात वळत नाही.

आखाजी

गावात परतलो तो दिवस अक्षय्यतृतीयेचा, तिकडची आखाजी. खानदेशात हा सण दिवाळीइतका मोठा. सासरी गेलेल्या मुली माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, झोक्यांवर गाणी चाललेली. घराघरांतून खापरावरच्या पुरणपोळ्यांचा वास येत होता. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने नवी मातीची घागर पाण्याने भरून पुजतात, वर खरबूज नाहीतर आंबा ठेवतात. उन्हाळ्यात गेलेल्यांना तहान लागू नये म्हणून. चौधरी गुरुजींच्या दारातच अशी घागर होती.

मी नकाशाची गुंडाळी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"सर, भिलाटीत एक पोर गेली," ते म्हणाले. "सखू. बानूची. सहा वर्षांची असेल."

विहिरीवर फुली पडल्यापासून वस्तीतली माणसं नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी पीत होती. वाळूत खड्डा करून साचलेलं पाणी, तिथेच गुरं उतरतात. तीन दिवसांत पाच-सहाजणांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मोठी माणसं तगली. सखूला तालुक्याला न्यायला गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. गुरुजींना हे सगळं ती गेल्यावर कळलं. फुलीचीही गोष्ट त्यांना तेव्हाच कळली. मी दिवस विचारला. लळिंग चढलो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

आबा तिथेच बसले होते. त्यांचा आवाज चढला. "पानी खराब शे असं मी कव्हय म्हनं? आम्ही पेतस नही, इतलंच सांगं." त्यांचं खरं होतं. ते खोटं काहीच बोलले नव्हते.

मुलांना शाळेत बसायला सांगून मी निघालो. सुधीर मागे आला. मी त्याला परत फिर म्हटलं, तो फिरला नाही. त्याने वाटेत खिशातून रुमाल काढला आणि हातात घट्ट धरून ठेवला. रडायला नाही, फुली पुसायला, हे मला विहिरीशी पोचल्यावर कळलं. चुना दगडात मुरला होता. पाण्याने भिजवून त्याने घासघास घासलं. दगडावर ती पुसट पुसट दिसतच राहिली.

वस्तीतली माणसं जमली. कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं वाटलं असतं. दगडूबाबा म्हणून एक म्हातारे पुढे झाले.

"तुमना पोऱ्या खाकी कपडामा उना. गये साल सरकारी मानसं उनथात, त्यास्नीबी असाज चुना लायेल व्हता. आमले वाटनं, सरकारी शे."

मी म्हणालो, चूक या मुलाची नाही, माझी आहे. नियम मी लिहिला. गावात तिघांना विचारलं, त्यांनी...

"गावमा तीन जनले इचारं," दगडूबाबा म्हणाले. "आमना आठे तीन मानसं नही व्हतात का?"

मी मान खाली घातली. सुधीर माझ्या शेजारी उभा होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर तो बाजूला सरकला. तेही बरोबरच होतं.

मग बानू आली. तिच्या कमरेवर एक लहानशी नवी घागर होती, कोरडी. मागून एक बाई तिला काहीतरी समजावत होती. एवढ्याशा लेकराची घागर भरतात का, यावर वस्तीतच दोन मतं होती, असं गुरुजींनी नंतर सांगितलं. लहान लेकराचं तीन दिवसांचं सुतक आदल्या दिवशी फिटलं होतं आणि घागर भरायची हे बानूने ठरवलं होतं. पण सकाळपासून ती घागर घेऊन बसली होती. झिऱ्याचं पाणी तिला भरायचं नव्हतं. विहिरीवर फुली होती. गावच्या विहिरीवर ती जाऊ शकत नव्हती.

तिने मला ओळखलं नाही, मला तिने पाहिलंच नव्हतं. सुधीरला ओळखलं. त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि मग मला म्हणाली, "गुरुजी, तुम्ही शिकेल मानसं. आते तुम्हीज सांगा. मनी पोरनी घागरले हाई पानी चाली का?"

मी दोर घेतला आणि बादली विहिरीत सोडली. बादली दोनदा काठाला आपटली. वर आली तेव्हा पाणी इतकं नितळ होतं की बादलीच्या बुडाचा गंज दिसत होता. मी ओंजळीने प्यालो. सुधीर पुढे झाला, तोही प्याला. त्या उन्हात ते गार पाणी घशाखाली उतरत होतं आणि मला ते परत बाहेर टाकावंसं वाटत होतं. तहान लागली होती, म्हणून मी आणखी एक ओंजळ प्यालो. याची लाज मला कायम वाटेल.

बानू उत्तराची वाट बघत उभी होती.

"कसं शे?" तिने विचारलं.

"गोड आहे," मी म्हणालो.

तिने घागर खाली ठेवली आणि बादली माझ्या हातातून घेतली.